टापकरी मूळचे कुठले

वेलांटीबाईंना हे काम मिळालं ते त्यांनी मागितलं म्हणून नाही, दुसरं कोणी उरलं नव्हतं म्हणून. प्रकाशनसंस्थेत त्या सव्वीस वर्षं प्रुफं तपासत होत्या. ऱ्हस्व-दीर्घ त्यांच्या नजरेतून सुटत नसे, म्हणून कधीतरी कोणीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की हजेरीच्या यादीतलं खरं नाव वाचताना त्यांना स्वतःलाच ते क्षणभर परकं वाटे.

प्रकाशकांनी त्यांना आत बोलावलं आणि टेबलावर सहा जाडजूड पुस्तकं एकावर एक ठेवली. ही सगळी टापकऱ्यांची गाथा. टापकरी म्हणजे एका लेखकाने बावीस वर्षांत उभे केलेले घोडेवाले लोक. जगाच्या कुठल्याही नकाशावर नसलेले, पण वाचकांना शेजारपाजाऱ्यांपेक्षा जास्त ओळखीचे. गवताळ माळावर तळ टाकत, उठवत, पुन्हा टाकत जाणारे. लेखकाला तीन वर्षांपूर्वी झटका आला, उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि सातवा भाग येणार नाही हे हळूहळू सगळ्यांनी मान्य केलं. त्याऐवजी एक पुस्तक करायचं होतं. टापकरी आले कुठून, राहतात कसे, जन्मतात, लग्नं करतात, मरतात कसे, हे सगळं एका जागी. तुम्ही प्रत्येक भाग चार-चार वेळा वाचलाय, प्रकाशक म्हणाले, तुमच्याइतकं त्यांना कोण ओळखतं?

चुका शोधत वाचणं आणि नुसतं वाचणं यात फरक असतो, हे वेलांटीबाईंना सांगायचं होतं. पण सकाळपासून मान धरली होती, आणि नाही म्हणायलाही थोडी ताकद लागते. त्यांनी सहाही पुस्तकं उचलली आणि आपल्या टेबलाशी आल्या.

पहिले दोन महिने त्यांनी कार्डं केली. एका कार्डावर एक गोष्ट. टापकऱ्यांच्या भाषेत ‘घर’ हा शब्दच नाही, ते ‘खोगीर उतरलं ती जागा’ म्हणतात. मूल घोड्यावर एकटं बसू लागेपर्यंत त्याला नाव ठेवत नाहीत, तोवर त्याला लाडाने ‘ओझं’ म्हणतात. लग्न ठरलं की दोघांनी एकमेकांच्या घोड्यावर वर्षभर बसायचं. परका घोडा ऐकत नाही, पाडतो, चावतो. वर्ष काढलं तर लग्न झालं. दोघांचं भांडण झालं तर दोघांना एकाच घोड्यावर बसवतात आणि समेट होईपर्यंत उतरू देत नाहीत. हे वाचून दाखवल्यावर वेलांटीबाईंचा नवरा म्हणाला होता, आपल्या लिफ्टमध्ये असं करायला हवं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आता गुडघे गेले म्हणून घरी होता. आणि एक: टापकरी पायी चालत नाहीत. तंबूतून चुलीपर्यंतसुद्धा घोडा लागतो. पायी चालतात ते फक्त जवळचं माणूस मेलं तर, एक दिवस, त्याच्या रिकाम्या घोड्यामागून.

इथवर ठीक होतं. अडचण दोन ठिकाणी आली.

पहिली, मूळ. सहा भागांत टापकऱ्यांच्या उगमाच्या तीन कथा होत्या आणि एकीचा दुसरीशी मेळ नव्हता. एकीत ते समुद्राच्या फेसातून घोड्यांसकट बाहेर आले. दुसरीत ते एका राजाच्या पागेतले मोतद्दार होते, जन्मभर दुसऱ्यांच्या घोड्यांना खरारा करणारे, आणि एका दुष्काळात सगळे घोडे घेऊन पळाले. तिसरीत एका घोडीला जुळं झालं, एक शिंगरू आणि एक माणूस. तिन्ही कथांत सारखी गोष्ट एकच, की पुढे ते ‘पांढऱ्या पठारावरून’ खाली उतरले. हे पठार कुठे आहे ते सहा पुस्तकांतल्या एकाही नकाशात नव्हतं.

दुसरी अडचण म्हाताऱ्यांची. पहिल्या भागात नियम होता की ज्याला घोड्यावर चढता येत नाही त्याला पाणवठ्याशी ठेवून तळ पुढे जातो. सोबत तीन दिवसांचं दूध आणि एक म्हातारी घोडी देतात. चौथ्या भागात मात्र तेच टापकरी म्हाताऱ्यांना दोन घोड्यांच्या मधे झोळीत घालून नेत होते आणि म्हणत होते, तळाचा वेग म्हणजे तळातल्या सगळ्यात हळू माणसाचा वेग. यावरून वाचकांत दोन तट पडले होते. ऑफिसात पत्रांची एक फाईलच होती. एक गट स्वतःला ‘सोडणारे’ म्हणवत असे, दुसरा ‘नेणारे’, आणि दोघेही पत्राच्या शेवटी खुलासा मागत.

खुलासा करू शकणारा माणूस एकच होता. म्हणून दर गुरुवारी दुपारी वेलांटीबाई लेखकाच्या घरी जाऊ लागल्या.

घर तिसऱ्या मजल्यावर होतं. बाहेरच्याच खोलीत कळ फिरवून वर-खाली होणारी खाट, तिच्याशेजारी वॉकर, कोपऱ्यात टॉवेलने झाकलेली कमोडची खुर्ची. भिंतीला लागून नकाशे काढायचं तिरकं टेबल होतं. लेखकाने नोकरीची सगळी वर्षं नगरपालिकेच्या पाणीखात्यात पाइपांचे नकाशे काढले होते. टेबलाचा उतार आता खाली पुस्तकं घालून सपाट केला होता आणि त्यावर औषधं, कापसाची गुंडाळी, डायपरची पुडकी अशी मांडामांड होती. खिडकीतून मागचं टायरचं गॅरेज दिसे. दिवसभर कोणीतरी हातोडीने चाकाची कड ठोकत असे.

सर, म्हणजे लेखक, उशांना टेकून बसलेले असत. चेहरा अर्धा ओघळलेला, पण दाढी रोज केलेली. दाढी करायची त्यांची मुलगी. पन्नाशीची बाई, सडसडीत, चालताना डावीकडे किंचित झुकायची. माणूस उचलून उचलून कंबर गेली असेल असं वेलांटीबाईंना वाटलं. सरांनी तिला लहानपणापासून ठकू म्हटलेलं, शेजारीही ठकूताई म्हणत. ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. झटक्यानंतर अर्धा दिवस जायला लागली होती, आणि हल्ली तेही जमेलच असं नसे. पहिल्याच गुरुवारी तिने दार उघडून वेलांटीबाईंकडे पाहिलं आणि नमस्काराच्या आधी सांगितलं की तुमचा नंबर बदललाय, तुम्ही मान मागे टाकून बघताय. तपासून घ्या, मानही राहील. ते खरं निघालं.

सरांकडे बोलायला तीन शब्द उरले होते. ‘हो’, ‘नाही’ आणि ‘चल’. ‘चल’ त्यांना पाणी हवं असलं तरी चाले, कंटाळा आला तरी आणि राग आला तरी. कधीमधी एखादा वेगळा शब्द निसटून येई, पण तो कुठे लागू करायचा ते कळत नसे. वेलांटीबाई खुर्ची ओढून बसत आणि कार्डावरून हो-नाहीचे प्रश्न विचारत. टापकरी समुद्रातून आले का सर? हो. मग पागेतून? हो. घोडीच्या पोटातून? हो. तिन्हींना हो. मग त्यांनी उलटून विचारलं, नक्की कुठून? सरांनी बराच वेळ तोंड हलवलं, डाव्या हाताची मूठ खाटेवर घासली आणि म्हणाले, “चुना.”

ठकूताई आतून म्हणाली की हे गेले सहा महिने चाललंय. भिंतीला पोपडे आलेत ते त्यांना खुपतात, रंग देऊन घ्यावा म्हणत असतील. वेलांटीबाईंनी भिंतीकडे पाहिलं. पोपडे होतेच.

पुढच्या गुरुवारीही चुना. त्यापुढच्या गुरुवारीही. मग त्यांनी तो प्रश्न विचारायचं सोडलं आणि सोपे प्रश्न धरले. दूध आंबवतात ते कातडी पिशवीत का. माणूस मेलं की आयाळ कापून ठेवतात ती त्याच्याच घोड्याची का. सर उत्तरं देत, अर्ध्या तासाने डोळे मिटत. मग ठकूताई त्यांना कुशीवर वळवायची. दर दोन तासांनी वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होतात. वळवताना ती श्वास कोंडून धरायची आणि झाल्यावर भिंतीला हात टेकून उभी राहायची, हे वेलांटीबाईंच्या लक्षात आलं. त्यांनी स्वतःहून काही म्हटलं नाही. दमलेल्या माणसाला तू दमलीस असं सांगून काय मिळतं.

तिला घोड्यांचं, टापकऱ्यांचं काही कौतुक नव्हतं. एकदा वेलांटीबाईंनी तिला सहजच विचारलं की तुमचा आवडता भाग कोणता. ती म्हणाली, मी एकही वाचलेला नाही. पहिला उघडला होता, दहा पानांवर बंद केला. आणि ती कपडे वाळत घालायला गेली.

मग तो गुरुवार आला. वेलांटीबाईंनी घंटी वाजवली तर बराच वेळ कोणी दार उघडेना. आतून काहीतरी सरपटल्यासारखा आवाज आला. दार उघडलं तेव्हा ठकूताई जमिनीवर होती. सरांना खाटेवरून खुर्चीत घेताना तिच्या कमरेत उसण भरली आणि दोघंही खाली आले होते. सरांना लागलं नव्हतं. ते खाटेच्या पायाला पाठ लावून बसले होते, एक चप्पल पायात, एक लांब, आणि मुलीकडे बघत होते. किती वेळ झाला असं वेलांटीबाईंनी विचारलं. ठकूताई म्हणाली, पाऊण तास असेल. ओरडले असते, पण गॅरेजच्या ठोकाठोकीत कोणाला ऐकू जाणार.

वेलांटीबाईंनी पर्स ठेवली, पदर खोचला. ठकूताईने बसल्या जागेवरून सांगितलं तसं त्यांनी सरांच्या काखेखालून चादर घातली, गुडघा खाटेला टेकवला आणि तिघांनी मिळून, सरांनीही डाव्या हाताने खाटेचा दांडा ओढत, एकदाचं वर घेतलं. मग त्यांनी अनोळखी स्वयंपाकघरात चहा-साखर शोधली. तिथे सगळं हाताशी, खालच्या फळीवर होतं. वाकायला न लागेल अशा बेताने लावलेलं.

सरांचा डोळा लागला. ठकूताई भिंतीला पाठ लावून खालीच बसली होती, खुर्चीत बसवत नव्हतं. कप दोन्ही हातांत धरून तिने विचारलं, आज काय विचारणार होतात?

वेलांटीबाईंनी सांगितलं. म्हाताऱ्यांचं. सोडून जातात की घेऊन जातात.

ठकूताई हसली. हसताना कंबर दुखली म्हणून मधेच थांबली.

“सोडून जातात, हा नियम माझा आहे,” ती म्हणाली.

वेलांटीबाईंना आधी कळलंच नाही. मग ठकूताईने सगळं सांगितलं, तुकड्यातुकड्याने, मधे चहाचे घोट घेत. ती आठ वर्षांची असताना तिच्या खुब्याच्या हाडाला काही रोग झाला. छातीपासून घोट्यापर्यंत प्लास्टर घातलं. अकरा महिने. याच खोलीत, त्या खिडकीपाशी. वडील ऑफिसातून सहाला येत, हातपाय धुऊन तिच्याजवळ बसत आणि नकाशाच्या शाईने तिच्या प्लास्टरवर चित्रं काढत. छातीपासून खाली सगळं पांढरं पठारच होतं ते. पहिल्या दिवशी एक घोडा, त्यावर एक माणूस. दुसऱ्या दिवशी अजून दोन. वडिलांना माणसाचे पाय काढता येत नसत, म्हणून सगळे घोड्यावर. महिन्याभरात पोटावर तळ पडला, मांडीवरून काफिला चालला, गुडघ्यापाशी पाणवठा झाला. हे कोण लोक, तिने विचारलं, तेव्हा वडील म्हणाले, तूच सांग. मग ती सांगायची आणि ते वहीत टिपून घ्यायचे.

“मला चालता येत नव्हतं,” ती म्हणाली. “मग कोणालाच चालू द्यायचं नाही, एवढंच माझं होतं. लोकांनी त्याच्यावर लेख लिहिले म्हणे.”

“आणि ते पाणवठ्याचं?”

एके दिवशी आई-वडील तिला शेजारणीकडे सोपवून एका लग्नाला गेले. सगळं मिळून चार तास. परत आल्यावर वडील शाईची बाटली घेऊन बसले, तेव्हा तिने सांगितलं की ज्याला चढता येत नाही त्याला टापकरी सोडून जातात. असं नको गं, वडील म्हणाले. तिने ऐकलं नाही. तिच्यासमोर त्यांना तसंच लिहावं लागलं, तीन दिवसांचं दूध त्यांनी हळूच स्वतःच्या मनाने घातलं. म्हातारी घोडीही त्यांचीच.

“पुढे प्लास्टर कापलं. करवतीने. चित्रांच्या मधून. दवाखान्यातल्या माणसाने तुकडे टोपलीत टाकले. मी चालायला शिकले, शाळेत गेले, विसरले. बाबा विसरले नाहीत. मी पंचवीस वर्षांची असताना पहिलं पुस्तक आलं आणि त्यात ते सगळं होतं. ते पाणवठ्याचंसुद्धा. मला वाटलं, माझं आजारपण बाजारात मांडलंय. दहा पानांवर बंद केलं ते त्यामुळे.”

“चौथ्या भागात त्यांनी बदललं,” वेलांटीबाई म्हणाल्या.

“कोणत्या साली आला तो?”

वेलांटीबाईंनी साल सांगितलं. ठकूताईने मनात हिशेब केला. आई दोन वर्षं अंथरुणाला खिळून होती, ती त्याच वेळची गोष्ट. मला विचारलं नाही त्यांनी, ती म्हणाली, आणि पहिल्यांदाच तिच्या आवाजात राग नव्हता. जरा वेळाने ती पुटपुटली, “चुना. चुना नव्हे. प्लास्टर म्हणत होते ते. मी मेली पोपडे बघत बसले.”

सर झोपेत घोरत होते. बाहेर हातोडी चालू होती.

मग ठकूताईने दुसरी गोष्ट सांगितली. आठ महिन्यांपूर्वी तिने एका शुश्रूषागृहात वडिलांचं नाव घातलं होतं. यादी मोठी होती, म्हणून घातलं आणि मनाआड केलं. सोमवारी तिथून फोन आला, जागा झालीय. पंधरा दिवसांत सांगा. तिने वडिलांना अजून सांगितलं नव्हतं. आज त्यांना खुर्चीत बसवून, दाढी करून, सांगायचं ठरवलं होतं.

“तुम्ही इतके महिने अभ्यास केलाय,” ती म्हणाली. “यातला खरा नियम कुठला?”

वेलांटीबाई तिच्याशेजारी खाली बसल्या. त्या म्हणाल्या, “माझ्या आईला मी शेवटपर्यंत घरी ठेवलं. सगळे म्हणाले, धन्य आहे. ती गेली तेव्हा मला आधी झोप आली. तिला नेलं, आणि मी परत येऊन तिच्याच खाटेवर झोपले. रडू चौथ्या दिवशी आलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.”

ठकूताईने कप खाली ठेवला.

सर जागे झाल्यावर तिने त्यांना सांगितलं. वेलांटीबाई उठून जाऊ लागल्या तर तिने खुणेने थांबवलं. कोणीतरी असलेलं बरं. तिने गोडगोड काही केलं नाही. बाबा, माझी कंबर गेली, ती म्हणाली, आता मला उचलवत नाही, तिथे उचलणारे लोक आहेत, मी दर रविवारी आणि मधे बुधवारी येईन. सरांनी ऐकलं. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावरून तिच्या डाव्या खुब्याकडे गेली, तिथेच काही वेळ राहिली.

“चल,” ते म्हणाले.

ते हो होतं की पाणी हवं होतं की राग होता, कोणाला सांगता येणार. ठकूताईने पाण्याचा पेला पुढे केला, त्यांनी तो डाव्या हाताने बाजूला सारला आणि पुन्हा म्हणाले, चल. तिने ते हो धरलं. तिला काहीतरी धरायला हवं होतं.

न्यायचा दिवस गुरुवार नव्हता, पण वेलांटीबाई रजा टाकून आल्या. गाडीबरोबर दोन सेवक आले होते, धडधाकट, गप्प. चाकाची खुर्ची लिफ्टमध्ये मावेना, पाय टेकायच्या पट्ट्या काढल्यावर कशीबशी गेली. पट्ट्या हातात घेऊन वेलांटीबाई जिन्याने उतरल्या. तिकडे खोलीत दोन खाटा होत्या. दुसऱ्या खाटेवरचे एक निवृत्त पोस्टमन होते, त्यांनी आल्याआल्या सरांचा पत्ता विचारला आणि पिनकोड बरोबर सांगितला. ठकूताई सेवकांना समजावत होती. यांना डाव्या कुशीवर जास्त वेळ चालत नाही. गोळी कुस्करून द्या, पाणी चमच्याने, मान पुढे करून. दाढी रोज. त्यातला एकजण आदराने म्हणाला, आम्ही करतो ताई, तुम्ही बसा. तिला बसायला सांगितलेलं बहुधा कळलंच नाही. ती खोलीच्या मधोमध उभी राहिली. आपले हात कुठे ठेवायचे ते तिला समजत नसावं. एकदा तिने ते मागे बांधले, मग सोडले, मग पर्सचा पट्टा घट्ट धरला.

परतीच्या बसमध्ये ती वेलांटीबाईंच्या खांद्यावर झोपली. तिचा स्टॉप गेला तरी त्यांनी उठवलं नाही. शेवटच्या स्टॉपवर दोघी उतरल्या आणि उलट्या बसने परत आल्या.

पुस्तक पुढच्या चार महिन्यांत लिहून झालं. वेलांटीबाईंनी उगमाच्या तीन कथा जशाच्या तशा दिल्या आणि चौथी लिहिली. टापकऱ्यांची पहिली बाई ही चालू न शकणारी एक मुलगी होती. ती पांढऱ्या पठारावर निजलेली असे. तिच्या अंगावरून घोडे चालले, आणि तिने त्यांना काय करायचं ते सांगितलं. म्हाताऱ्यांचे नियम दोन्ही लिहिले. पहिला एका मुलीच्या रागातून झाला आणि दुसरा एका नवऱ्याच्या दुःखातून, दोन्ही पाळले जातात, कोणता कधी हे तळातल्या माणसांनी आपापल्या अंगातलं बळ बघून ठरवावं, असं एक वाक्य त्यांनी अकरा वेळा खोडून बाराव्यांदा ठेवलं.

ठकूताईला आधी वाचायला दिलं. तिने दोन दिवसांनी फोन करून सांगितलं की असू द्या, फक्त ‘निजलेली’ म्हणू नका, ‘पडलेली’ म्हणा, निजणं फार सुखाचं वाटतं.

मग त्या सरांकडे गेल्या. सर सगळ्याला हो म्हणतात हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी कामाची जुनी युक्ती केली. वाचताना मुद्दाम चुका घातल्या. टापकरी हिरव्या पठारावरून उतरले, त्यांनी वाचलं. सरांनी खाटेवर थाप मारली. नाही. तीन दिवसांचं पाणी देतात. नाही, नाही. पोस्टमन उठून बसले, त्यांनाही काय चाललंय ते बघायचं होतं. बरोबर वाचलं तेव्हा सर शांत पडून ऐकत राहिले. मुलीच्या कथेपाशी त्यांच्या चांगल्या डोळ्यातून पाणी आलं. पण ते हल्ली ऊन आलं तरी येत असे, म्हणून वेलांटीबाईंनी त्याचा अर्थ लावला नाही. रुमालाने टिपलं आणि पुढचं पान घेतलं.

प्रकाशकांनी विचारलं की ही चौथी कथा कुठल्या भागात आहे. सहाही भागांच्या आधीची आहे, वेलांटीबाई म्हणाल्या. त्यांना ते पटलं नाही, पण तारीख ठरली होती.

पुस्तक आलं, खपलं, ‘सोडणारे’ आणि ‘नेणारे’ दोघांनीही आपलाच विजय झाला असं मानलं. महिन्याभराने एका वाचकाचं सात पानी पत्र आलं. त्याने मुद्देसूद सिद्ध केलं होतं की चौथी कथा संपादिकेने पदरची घातलेली आहे, तिला टापकऱ्यांचा गंध नाही आणि पुढच्या आवृत्तीत तिला हात लावू देऊ नये. प्रकाशकांनी ते पत्र वेलांटीबाईंच्या टेबलावर ठेवलं, उत्तर तुम्हीच द्या म्हणाले. त्यांनी पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चार चुका पेन्सिलीने दुरुस्त केल्या, मग खोडून टाकल्या, आणि दोन ओळी लिहिल्या. आपण इतक्या बारकाईने वाचलंत याबद्दल आभार. आपला आक्षेप लेखकांपर्यंत पोचवला आहे.

रविवारी त्यांनी ते खरंच वाचून दाखवलं. सात पानं. सर तिसऱ्या पानावर झोपले. पोस्टमननी शेवटपर्यंत ऐकलं आणि हा माणूस एकटा राहत असणार असं मत दिलं.

ठकूताईही आली होती. ती आता दुकानात पूर्ण दिवस जात होती, कमरेला पट्टा बांधून. भेटीची वेळ संपल्यावर दोघी बाहेर स्टॉपवर उभ्या राहिल्या. बसला वेळ होता. बाकावर एकीपुरतीच जागा होती, वेलांटीबाईंनी तिला बसवलं. घर कसं वाटतं आता, त्यांनी विचारलं. मोठं, ती म्हणाली. खाट परत पाठवली, तिथे काय ठेवायचं ते सुचत नाही. मग म्हणाली, सगळे म्हणतात आता आराम पडला असेल. दहाला आडवी होते, सातला उठते, तरी दिवसभर डोळ्यांवर झापड. अजून झोप पुरी होत नाहीये हो.

“होईल,” वेलांटीबाई म्हणाल्या. “मला सव्वा वर्ष लागलं होतं.”

ठकूताईने मान हलवली. तिने पर्स मांडीवर घेतली, सरकून घेतलं, आणि दोघी अर्ध्या अर्ध्या बाकावर टेकल्या. बस यायला अजून वीस मिनिटं होती.